तपास पोलिसांचा, शिक्षा कॉलेजची

पोळा होतो, गणपती बसतात, विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेवरून नाहीतर पुढे कोण जाणार यावरून दोन मंडळांची जुंपते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या जिल्ह्याच्या पानावर नावांची यादी येते. जळगाव घ्या, धुळे घ्या, नंदुरबार घ्या, त्या यादीत दोन-चार कॉलेजची मुलं असतातच. पुढे जे घडतं त्याची बातमी होत नाही. कात्रण प्राचार्यांच्या टेबलावर जातं, संस्थेच्या चिटणिसांचा फोन येतो आणि मुलाच्या बापाला निरोप जातो की येऊन दाखला घेऊन जा.

गुन्हा नोंदला गेला, तपास चालू आहे, एवढ्यावरून महाविद्यालयाने विद्यार्थ्याला काढून टाकावं का? माझं म्हणणं आहे, मुळीच नाही. गरज पडली तर त्याला काही दिवस आवाराबाहेर ठेवावं. स्वतः चौकशी करून दोष आढळला तर कोर्टाच्या निकालाची वाट न पाहता काढूनही टाकावं. पण ‘आपणावर गुन्हा दाखल असल्याचे समजते, सबब प्रवेश रद्द करण्यात येत आहे’ असा एका ओळीचा आदेश कायद्यात बसत नाही आणि न्यायातही बसत नाही. शिवाय ज्या मुलींच्या, ज्या दुबळ्या मुलांच्या नावाने तो काढला जातो, त्यांच्याही तो उपयोगाचा नसतो.

आधी फिर्याद म्हणजे काय ते पाहू. दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा, गुन्ह्याची माहिती घेऊन कुणी पोलीस ठाण्यात आलं तर गुन्हा नोंदवून घेणं पोलिसांवर बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात सांगितलं. हा निकाल गरिबांच्या फार कामाचा आहे. ठाण्यात आलेल्या बाईला ‘उद्या या’ म्हणून परत पाठवणं त्याने अवघड केलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत चौदा दिवस प्राथमिक चौकशी करायची मुभा दिली आहे, पण मूळ नियम तोच राहिला. म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर पडला याचा अर्थ एवढाच, की कुणीतरी तक्रार दिली आणि ती लिहून घेतली गेली. खरं-खोटं पाहण्याचं काम तिथून पुढे सुरू होतं.

आणि आपल्याकडे फिर्यादीत नावं कशी पडतात हे खेड्यात राहिलेल्या माणसाला सांगायला नको. बांधाचा वाद असो, ग्रामपंचायतीची निवडणूक असो, विहिरीच्या पाण्याची पाळी असो. हाणामारी चौघांत होते आणि नावं पंधरा जणांची लागतात. घरातला शिकणारा मुलगा त्यात हमखास असतो. ‘त्याचं नाव आधी घाला, नोकरीला मुकला पाहिजे’ असं उघड बोललं जातं. फिर्याद देणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की बाकीच्यांचा जामीन होईल आणि ते शेतात कामाला लागतील, पण शिकणाऱ्या मुलाचं वर्ष जाईल. ते वर्ष घालवण्याचं उरलेलं काम कॉलेज करून टाकतं.

मी शिकवत होतो तेव्हाची एक गोष्ट सांगतो. भांडण झालं चोपडा तालुक्यातल्या एका गावात, मुलगा वसतिगृहात राहून बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. फिर्यादीत बापाचं, दोन्ही काकांचं आणि ह्याचं नाव. कॉलेजने नाव कमी केलं. त्याचे वडील कार्यालयाच्या खिडकीशी उभे राहून एकच वाक्य परत परत म्हणत होते, ‘साहेब, मना आंडोर तठे व्हताच नही. तो तं आठे व्हता, तुमनाच होस्टेलमा.’ म्हणजे, माझा मुलगा तिथे नव्हताच, तो इथे तुमच्याच होस्टेलमध्ये होता. खिडकीतला कारकून म्हणत होता, ‘नाना, ते तुम्ही कोर्टात सांगा.’ शेवटी वसतिगृहाच्या रेक्टरांना बोलावलं. त्यांनी रात्रीच्या हजेरीची वही आणली. भांडणाच्या रात्री साडेनऊच्या हजेरीला त्या मुलाची सही होती, पुढे खोली नंबर होता, खाली रेक्टरांची स्वतःची सही होती. ती वही सगळा वेळ कॉलेजच्याच कपाटात पडून होती. आदेश काढताना ती उघडून पाहावी असं कुणाला वाटलं नाही, कारण आदेश काढायला वर्तमानपत्राचं कात्रण पुरेसं वाटलं. आदेश मागे घेतला गेला, पण तोवर मुलाची अंतर्गत परीक्षा बुडाली होती.

मुलगा निर्दोष होता, हे बापाचं म्हणणं होतं. ते खरं निघालं म्हणून मी ही गोष्ट सांगत नाही. सही नसती तरी माझं म्हणणं हेच राहिलं असतं. कॉलेजला जे स्वतः तपासता येत होतं ते त्याने तपासलं नाही आणि जे त्याच्या आवाक्यात नव्हतं त्याचा निकाल मात्र देऊन टाकला.

याहून वाईट प्रकार उलट फिर्यादींचा. एखाद्या दलित किंवा आदिवासी कुटुंबाने अॅट्रॉसिटीची तक्रार दिली की दुसऱ्या बाजूकडून लूटमारीची, दरोड्याची फिर्याद येते, हा सराईत प्रकार आहे. दोन्ही गुन्हे नोंदले जातात, दोन्हींचा तपास चालू होतो. आता ‘ज्याच्यावर गुन्हा, तो बाहेर’ हा नियम लावला तर मार खाणाराही बाहेर जातो. नियम सर्वांना सारखा आहे असं म्हणून हात झटकता येतील, पण प्रत्यक्षात त्या नियमाची किल्ली ज्याची पोलीस ठाण्यात ओळख आहे त्याच्या हातात जाते.

इतरांना आपण कोणता न्याय लावतो तेही पाहावं. सरकारी कर्मचारी अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला तर महाराष्ट्र नागरी सेवा नियमांप्रमाणे तो निलंबित झाल्याचं मानलं जातं. निलंबित होतो, बडतर्फ होत नाही. त्याला निर्वाहभत्ता मिळतो. तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर त्याचं निलंबन पुढे रेटता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली अजयकुमार चौधरी खटल्यात म्हटलं. आमदार-खासदाराचं पद साधारणपणे दोन वर्षांची किंवा त्याहून जास्त शिक्षा लागल्यावर जातं. शिक्षा लागलेल्या कैद्याला तुरुंगात बसून मुक्त विद्यापीठाची पदवी घेता येते, राज्यातल्या मोठ्या कारागृहांत त्यासाठी अभ्यासकेंद्रं चालतात, आणि ते योग्यच आहे. मग एकोणीस वर्षांच्या मुलाला, ज्याच्यावर अजून दोषारोपपत्रही नाही, त्याला वर्गातून उठवायचं कोणत्या तत्त्वावर? संस्थेच्या विश्वस्तावर गुन्हा नोंदला तर त्याने पायउतार व्हावं, असा नियम एखाद्या संस्थेच्या घटनेत माझ्या तरी पाहण्यात आलेला नाही.

कायदा याबाबत जुना आणि पुरेसा स्पष्ट आहे. उत्तर प्रदेशच्या परीक्षा मंडळाने कॉपीच्या संशयावरून काही विद्यार्थ्यांचे निकाल त्यांना न विचारता रद्द केले, तेव्हा १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्याचं नुकसान होणार आहे त्याचं आधी ऐकून घ्या. अलीकडचं उदाहरण आपल्या राज्यातलं आहे. मे २०२५ मध्ये समाजमाध्यमावरच्या एका पोस्टवरून पुण्यातल्या अभियांत्रिकीच्या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीला अटक झाली आणि ९ मे रोजी तिच्या महाविद्यालयाने तिचं म्हणणं न ऐकता तिला काढून टाकलं. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला, काढून टाकण्याच्या आदेशाला स्थगिती दिली आणि तिला परीक्षेला बसू देण्यास सांगितलं. ती पोस्ट बरी होती की वाईट, हा इथे प्रश्न नाही. कॉलेजने तिला एक शब्द बोलू दिला नव्हता, हा प्रश्न आहे.

त्या मुलीला अठरा दिवसांत दाद मिळाली. आमच्या भागातल्या मुलाला ती कशी मिळणार? जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाखाली येतात. धडगावच्या पाड्यावरच्या बापाने चांदशैली घाट उतरायचा, नंदुरबार, धुळे, चाळीसगाव करत कन्नडचा घाट चढायचा आणि तिथे वकील गाठून फी कबूल करायची. तोवर परीक्षा होऊन गेलेली असते. आणि त्याच्या मुलाचं फक्त नाव कमी होत नाही. आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहातली खाट, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, वसतिगृह मिळालं नसेल तर स्वयं योजनेचे पैसे, हे सगळं प्रवेशाला बांधलेलं आहे. प्रवेश गेला की ते सगळं त्याबरोबर जातं. दिवाळीनंतर तोच मुलगा गुजरातकडे ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीत दिसतो आणि दोन वर्षांनी कोर्टाने सोडलं तरी तो प्रथम वर्षात परत येत नाही. शहरातल्या मुलाचं ज्याने एक सत्र जातं, त्याने ह्याचं शिक्षणच संपतं. म्हणून काढून टाकण्याचा अधिकार सातपुड्याच्या पायथ्याच्या कॉलेजांनी जास्त जपून वापरला पाहिजे. प्रत्यक्षात तो तिथेच सर्वांत सहज वापरला जातो, कारण तिथे विचारायला कुणी येत नाही.

आता दुसरी बाजू. ती मला जास्त अस्वस्थ करते.

एरंडोलहून, पारोळ्याहून, धरणगावहून एसटीच्या पासवर जळगावला कॉलेजला येणाऱ्या मुलीचा विचार करा. वर्गातल्या मुलाने तिला त्रास दिला, तिने धीर करून फिर्याद दिली, गुन्हा नोंदला गेला, मुलाला जामीन झाला, आणि सोमवारी तो तिच्या मागच्या बाकावर येऊन बसला. त्या संध्याकाळी घरात काय होतं हे सगळ्यांना माहीत आहे. वडील म्हणतात, बस झालं शिक्षण. आई स्थळं पाहायला लागते. शिक्षण कुणाचं संपलं, तर तिचं. आरोपी विद्यार्थ्याच्या हक्काबद्दल बोलणाऱ्याकडे या मुलीसाठी उत्तर नसेल, तर त्याचं बोलणं कुणी ऐकू नये.

उत्तर आहे, आणि ते नियमांत लिहिलेलं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१५ च्या विनियमांप्रमाणे प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत समिती असली पाहिजे. तक्रारीची प्रत सात दिवसांत समोरच्याला द्यायची, त्याने दहा दिवसांत उत्तर द्यायचं, नव्वद दिवसांत चौकशी पुरी करायची. चौकशी चालू असताना दोघांचे वर्ग, तुकड्या वेगळ्या करता येतात, तक्रारदारापासून लांब राहण्याची सक्त ताकीद देता येते. दोष सिद्ध झाला तर विद्यार्थ्याला काही काळ आवारात बंदी घालता येते, नाव कायमचं कमीही करता येतं. यात कुठेही पोलिसांची किंवा कोर्टाची वाट पाहायला सांगितलेलं नाही. फौजदारी खटला चालू असताना संस्थेची स्वतःची चौकशी साधारणपणे थांबवावी लागत नाही, हे नोकरीच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने १९९९ सालीच सांगून ठेवलं आहे. आणि कोर्टात जसा संशयापलीकडचा पुरावा लागतो तसा संस्थेच्या चौकशीत लागत नाही. काय घडलं असण्याची शक्यता अधिक आहे, एवढं पाहून निर्णय देता येतो.

मुलीला त्या मुलासमोर उभं करून उलटतपासणी घ्यावी लागेल, ही भीतीही खरी नाही. रांचीच्या राजेंद्र वैद्यकीय महाविद्यालयात १९७२ साली काही विद्यार्थी रात्री मुलींच्या वसतिगृहाच्या आवारात शिरले. मुलींनी लेखी तक्रार केली. चौकशी समितीने मुलींचे जबाब मुलांच्या माघारी घेतले, नंतर मुलांना बोलावून आरोप काय आहे ते सांगितलं, त्यांचं म्हणणं लिहून घेतलं आणि कॉलेजने त्यांना दोन वर्षांसाठी काढलं. मुलं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. न्यायालयाने १९७३ साली कॉलेजच्या बाजूने निकाल दिला. मुलींची सुरक्षितता लक्षात घेता एवढी संधी पुरेशी आहे, नैसर्गिक न्यायाचा एकच साचा नसतो, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. पन्नास वर्षांहून जुना हा निकाल प्रत्येक प्राचार्याने वाचावा असं मला मनापासून वाटतं. मुलींची ओळख झाकून ठेवता येते आणि मुलांनाही ऐकून घेता येतं, दोन्ही एकाच चौकशीत होतं, हे त्यात दिसतं. फक्त चौकशी करावी लागते.

आणि इथेच खरी गोम आहे. ‘गुन्हा दाखल आहे म्हणून काढलं’ असं म्हणणारं कॉलेज मुलीच्या तक्रारीची चौकशी करतच नाही. तिला कुणी समितीपुढे बोलावत नाही, तिच्या मैत्रिणींना कुणी विचारत नाही, प्रयोगशाळेतल्या सीसीटीव्हीचं चित्रण कुणी राखून ठेवत नाही. महिनाभरात ते पुसलं जातं. मग वर्ष-दोन वर्षांनी पोलीस ‘ब’ किंवा ‘क’ समरी, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल, कोर्टात पाठवतात, नाहीतर साक्षीदार फितूर होतात आणि मुलगा सुटतो. काढण्याचा आदेश फिर्यादीवर उभा होता. फिर्याद पडली की आदेश पडतो. मुलगा कोर्टाचा कागद घेऊन हार घालून परत येतो आणि त्या मुलीच्या बाजूने कॉलेजच्या दप्तरात एक ओळही नसते. कॉलेजने तेव्हाच नव्वद दिवसांत स्वतःची चौकशी केली असती, तर कोर्टाने सोडल्यावरही त्या चौकशीचा निष्कर्ष उभा राहिला असता. फिर्यादीच्या आडोशाला जाऊन काढलेला आदेश कडक दिसतो, पण त्याने जबाबदारी टाळलेली असते.

खान्देशात हा विषय निघाला की डॉ. पायल तडवीचं नाव येतंच, आणि माझ्या म्हणण्याची खरी कसोटीही तिथेच लागते. जळगावची ही तडवी समाजातली मुलगी मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोग शाखेत पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिने जीवन संपवलं. जातीवरून छळ केल्याचा आरोप तीन वरिष्ठ डॉक्टरांवर झाला, त्यांना अटक झाली, ऑगस्टमध्ये जामीन मिळाला. जामिनाच्या अटींमुळे त्यांना कॉलेजात परतता येत नव्हतं आणि पदव्युत्तर वैद्यकीय अभ्यासक्रमात दुसऱ्या कॉलेजात जाण्याची सोयही नियमांत नव्हती. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदारांवर दबाव आणू नये अशा अटी घालून त्यांना त्याच ठिकाणी अभ्यासक्रम पुरा करायची परवानगी दिली. आपल्याकडे त्या निकालाने अनेकांच्या मनाला चटका बसला. मलाही तो वाचताना जड गेलं. ज्या आईची मुलगी गेली तिला ‘दोष सिद्ध होईपर्यंत निर्दोष’ हे शब्द कसे ऐकू येत असतील, हे मी कोणत्या तोंडाने सांगू?

तरीही तो निकाल मला बरोबर वाटतो. खटला लवकर संपणार नव्हता, हे तेव्हाच दिसत होतं. निकालाआधीच शिक्षण कायमचं तोडलं असतं तर ती शिक्षाच ठरली असती. आणि पायलच्या बाबतीत जे चुकलं ते ऑक्टोबर २०२० मध्ये चुकलेलं नाही, ते मे २०१९ च्या आधी चुकलं. आपण आधीच तक्रार केली होती आणि ती मनावर घेतली गेली नाही, असं तिच्या घरच्यांचं म्हणणं आहे. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ सालापासून आहे. लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याला निलंबित करायचं आणि तक्रार पोलिसांकडे पाठवायची, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. काढून टाकण्याची तरतूदही आहे, पण ती गुन्हा कोर्टात शाबित झाल्यावरची, आणि त्यानंतर पाच वर्षं कुठेच प्रवेश नाही इतकी कडक. म्हणजे आमच्याच विधिमंडळाने पंचवीस वर्षांपूर्वी हा क्रम घालून दिला आहे. आधी कॉलेजची झटपट चौकशी, मग निलंबन, मग पोलीस, आणि शाबित झाल्यावर हकालपट्टी. सात दिवसांच्या त्या पहिल्या पायरीवर मुली वाचू शकतात. आपण ती पायरी गाळतो आणि शेवटच्या पायरीवर आवेश दाखवतो.

एक बाजू सहसा सुटते, ती अकरावी-बारावीची. आपल्याकडे कनिष्ठ महाविद्यालयं बऱ्याच ठिकाणी वरिष्ठ महाविद्यालयाच्याच इमारतीत भरतात, तेच प्राचार्य, तीच सूचनाफलकाची काच. पण ती मुलं सोळा-सतरा वर्षांची असतात आणि त्यांना बाल न्याय अधिनियम, २०१५ लागू होतो. त्यांची ओळख उघड करायला त्यात बंदी आहे. तरी ‘खालील विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले आहे’ अशी नावानिशी सूचना काचेआड लागते, कुणीतरी तिचा फोटो काढतं आणि संध्याकाळपर्यंत ती गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरते. मुलाने काय केलं ते अजून ठरायचं आहे. सूचना लावणाऱ्याने मात्र कायदा तेव्हाच मोडलेला असतो.

काही प्रसंगी विद्यार्थ्याला लगेच लांब ठेवावंच लागतं, यात मला शंका नाही. वसतिगृहात चाकू सापडला, नशेच्या गोळ्या विकताना कुणी पकडला गेला, साक्षीदार त्याच वर्गात आहे, तक्रारदार मुलगी त्याच बॅचमध्ये आहे. अशा वेळी आठवडाभर विचार करत बसू नये. पण त्या आदेशात चार गोष्टी दिसल्या पाहिजेत. कशासाठी लांब ठेवत आहोत, कधीपर्यंत, पुन्हा विचार कोणत्या तारखेला करणार, आणि तोवर परीक्षेचं काय. मी लिहिला तर असा लिहीन, ‘आपणाविरुद्धच्या तक्रारीतील साक्षीदार याच वर्गात असल्याने आपण पुढील पंधरा दिवस आवारात येऊ नये. आपले म्हणणे सात दिवसांत लेखी द्यावे, सोबत पालक किंवा एक शिक्षक आणता येईल. सत्र परीक्षेस स्वतंत्र खोलीत बसविण्यात येईल. हा आदेश म्हणजे दोषाचा निष्कर्ष नाही.’ पाच मिनिटांत टाइप होणारा मजकूर आहे. गावातल्या बांधाच्या भांडणात नाव आलेल्या मुलाबाबत तर एवढंही लागत नाही, कारण त्या भांडणाचा वर्गाशी काही संबंध नसतो.

यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं. प्रवेश अर्जाच्या मागे अटी छापलेल्या असतात, ‘कोणत्याही वेळी कारण न देता प्रवेश रद्द करण्याचा अधिकार प्राचार्यांना राहील’, आणि खाली विद्यार्थ्याची आणि पालकाची सही असते. ती सही जुलैच्या गर्दीत, खिडकीतून अर्ज आत सरकवताना झालेली असते, आणि नाही म्हटलं तर प्रवेश मिळत नसतो. अशा सहीने ऐकून घेतलं जाण्याचा हक्क सुटत नाही. दुसरं उत्तर संस्थेच्या नावाचं. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकचे लोक येणार आहेत, पेपरात नाव आलं, पुढच्या वर्षी प्रवेश कमी होतील. मुलाचं वर्ष घेऊन संस्थेचं नाव राखायचं, याला मी कारण मानत नाही.

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचं कार्यक्षेत्र हे तिन्ही जिल्हे मिळून आहे, म्हणून हे काम विद्यापीठाने एका परिपत्रकाने करण्यासारखं आहे. फिर्याद किंवा अटक हे एकटं कारण दाखवून कोणत्याही संलग्न महाविद्यालयाने नाव कमी करू नये. तात्पुरत्या बंदीचा आदेश निघाला की त्याची प्रत त्याच दिवशी विद्यार्थी विकास विभागाकडे जावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर लोकपाल असतो, त्यांचा पत्ता आदेशाच्या खालीच छापावा, म्हणजे बापाला घाट चढण्याआधी एक दार मिळेल. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ताही तिथेच असावा. अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि महिलांना तिथे उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो, हे धडगाव-अक्कलकुव्यात किती जणांपर्यंत पोचलं आहे?

आणि परिपत्रकात दाखल्याबद्दल एक ओळ हवी. महाविद्यालय सोडल्याच्या दाखल्यात ‘वर्तणूक’ असा एक रकाना असतो. बहुतेकांच्या दाखल्यावर तिथे ‘चांगली’ लिहिलेलं असतं. ज्या मुलांना असं काढलं जातं त्यांच्या दाखल्यावर मी तिथे लाल शाईने ‘गुन्हा दाखल’ लिहिलेलं पाहिलं आहे. दुसऱ्या कॉलेजचा कारकून तो रकाना आधी वाचतो आणि अर्ज बाजूला ठेवतो. पुढे कोर्टाने सोडलं तरी तो दाखला बदलून मिळत नाही. चौकशी होऊन निर्णय झाल्याशिवाय त्या रकान्यात काही लिहू नये आणि आधी लिहिलं गेलं असेल तर अर्ज आल्यापासून पंधरा दिवसांत नवा दाखला द्यावा, एवढं विद्यापीठाने येत्या प्रवेशांच्या आधी कळवावं.